खालच्यांची आखूड बंदूक

घर बघायला गेले तेव्हा मी पूर्ण तयारीने गेले होते. पगाराच्या स्लिपा, बँकेचं पत्र, ऑफिसचं कॉन्ट्रॅक्ट, आधीच्या मालकाचं 'हिचा काही त्रास नव्हता' असं प्रमाणपत्र, सगळं फाइलमध्ये क्रमाने लावलेलं. स्टुटगार्टच्या आसपास घर मिळवणं हा मुलगी दाखवण्यापेक्षा अवघड कार्यक्रम आहे, हे मला तोवर कळून चुकलं होतं. पण या घरमालकांनी त्या फाइलला बोटही लावलं नाही. चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही नेहमी घाईत असता का?"

मी एस-बानच्या स्टेशनपासून सगळा चढ पळत आले होते. धापा टाकत म्हटलं, "छे, अजिबात नाही."

"आल्झो, म्हणजे, आत्ता तरी आहात," ते म्हणाले. "पण चालेल. आधीचा भाडेकरू जिन्यातसुद्धा पळायचा."

सहा वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहिले. म्हणजे वरच्या मजल्यावर.

आई त्यांना 'खालचे' म्हणायची. पुण्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरचे, खालचे आणि समोरचे असेच लोक राहतात, नावाने कोणाला कोणी ओळखत नाही. फोनवर माझी चौकशी उरकली की दुसरा प्रश्न ठरलेला, "आणि खालचे बरे आहेत ना?" ऐकून ऐकून मीही त्यांना मनात खालचेच म्हणायला लागले. आता ड्रेस्डेनला येऊन मला दीड वर्ष झालं, इथे माझ्या खाली एक डेंटिस्ट राहतो, पण 'खालचे' म्हटलं की मला आठवतात ते तेच.

खालचे तेव्हा पंच्याहत्तरीच्या आसपासचे होते. उभा जन्म एका कारखान्यात साचे घडवण्यात गेला, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून साहेबाशी वाजवून ते निवृत्त झाले होते. ही गोष्ट ते अभिमानाने सांगत. साहेब चुकला होता, असं त्यांचं अजूनही म्हणणं होतं. सकाळी पावाचे काप तराजूवर तोलून मगच खात, कारण काप सारखे झाले नाहीत तर चीज कमी-जास्त पडतं. आमच्या गावात केअरवोखंची पद्धत होती. दारावर पाटी लटकली की तो आठवडा जिना झाडायची पाळी त्या घराची. माझ्या पाळीच्या आठवड्यात मी झाडून वर गेले की थोड्या वेळाने खालून पुन्हा झाडूचा आवाज यायचा.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि फ्लोरा. फ्लोरा म्हणजे खरखरीत केसांची डाकेल कुत्री, पाय आखूड, अंग लांब आणि मिजास त्याहून लांब. खालचे अख्ख्या गावाला 'तुम्ही' म्हणत, पन्नास वर्षांच्या जुन्या मित्रालासुद्धा. 'तू' फक्त फ्लोराला.

आणि ते शिकारी होते. गावामागच्या जंगलाचा एक तुकडा ते आणि त्यांचे दोन मित्र मिळून शिकारीसाठी भाड्याने घेत. आपल्याला ऐकायला विचित्र वाटतं, पण इथे किती हरणं मारायची हे कागदावर ठरतं, आणि तेवढी मारली नाहीत तर झाडांची कोवळी रोपं का खाल्ली गेली म्हणून वरून विचारणा होते. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. पहिल्या वर्षी त्यांच्या खांद्याला बंदूक दिसली की मी जिन्यात भिंतीला चिकटायचे. दुसऱ्या वर्षी बंदुकीसकट त्यांना गुड मॉर्निंग म्हणायला लागले. माणसाला कशाचीही सवय होते, हेच खरं.

त्यांची खरी करामत होती तळघरात. खालचे काडतुसं विकत घेत नसत, स्वतः भरत. त्याला इथे कोर्स आहे, परीक्षा आहे, परवाना आहे, आणि त्या परवान्याचं जर्मन नाव इतकं लांब की लिहून होईपर्यंत पावडर दमट व्हावी. काडतूस म्हणजे पितळेची एक केस. बुडाशी ठिणगी पाडणारी टिकली, पोटात पावडर, तोंडाशी गोळी. बार झाला की गोळी जाते, पावडर जळते, केस तेवढी उरते. ती धुवायची, मापायची आणि पुन्हा भरायची. इकडच्या काटकसरी स्वाबियन माणसाला याहून सुखाचं काम नाही, वस्तू वायाही जात नाही आणि दुसऱ्याने केलेल्या कामावर विश्वासही ठेवावा लागत नाही.

त्या खोलीचे नियम होते. फोन बाहेर, जुन्या पावाच्या डब्यात. अंगात सुती कपडे, नायलॉन नाही, ठिणगी नको म्हणून. चपला बाहेर. जमिनीवर एक पिवळी पट्टी चिकटवलेली होती, माझ्यासाठी. पट्टीच्या अलीकडे स्टूल, तिथे मी बसायचं. पलीकडे परवाना असलेला माणूस. सहा वर्षांत मी ती पट्टी एकदाही ओलांडली नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: "एक टेबल, एक डबा." कपाटात पावडरचे कितीही डबे असोत, टेबलावर एका वेळी एकच. तो बंद करून, कपाटात ठेवून, कुलूप लावल्यावरच दुसरा काढायचा. दिसायला सगळ्या पावडरी काळसर, बारीक. एकीच्या जागी दुसरी गेली तर बंदूक हातात फुटते. म्हणून प्रत्येक गोष्ट ते मोठ्याने बोलून करत. "डबा घेतला. नाव वाचलं. पुन्हा वाचलं. जा, गेनाऊ." म्हणजे हो, अगदी बरोबर. मी वरून ऐकलं असतं तर वाटलं असतं, म्हातारा फोनवर कोणाशी तरी भांडतोय.

एकदा त्यांचं पार्सल माझ्याकडे आलं होतं म्हणून मी बेल वाजवली. दार उघडायला फार वेळ लागला. शांतपणे पार्सल घेतलं, "डांकं" म्हणाले आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी कळलं की बेल वाजली तेव्हा ते भरत होते, लक्ष तुटलं, म्हणून भरलेलं सगळं ओतून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. मी ओशाळून माफी मागितली. ते म्हणाले, "तुमची चूक नाही. बेल वाजवण्यासाठीच असते." तेव्हापासून काम चालू असलं की तळघराच्या दाराला ते एक लाल टोपी अडकवू लागले, आणि मी खाली जाताना आधी टोपी बघायला लागले.

मी कामाला होते गाडीच्या एअरबॅग बनवणाऱ्या एका कंपनीत. एअरबॅग फुगते तीही आतल्या जळणाऱ्या गोळ्यांमुळेच, आणि त्या किती वेगाने जळतील याचं गणित मी दिवसभर कॉम्प्युटरवर करायचे. हे कळल्यावर खालच्यांचा माझ्याबद्दलचा आदर एकदम वाढला, आणि दोन मिनिटांत उतरला. "तुम्ही ते जळताना हुंगलंय का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, आमच्याकडे टेस्टिंगचं डिपार्टमेंट वेगळं आहे. "म्हणजे तुम्ही आग फक्त पडद्यावर बघितलीय," ते म्हणाले आणि मान हलवून फ्लोराकडे बघितलं. फ्लोरालाही ते पटलेलं दिसलं.

आता आखूड नळीची गोष्ट.

फ्लोरा अकरा वर्षांची होती. दहा वर्षं ती त्यांच्याबरोबर जंगलात जात होती. ते मचाणावर, ती शिडीखाली. बार झाला की दहा मिनिटं थांबायचं आणि मग फ्लोराने नाक जमिनीला लावून हरीण शोधून काढायचं. वय झालं, तिचे कान दुखावतील, म्हणून खालच्यांनी बंदुकीला सायलेन्सर लावायचं ठरवलं. सायलेन्सर लावला की बंदूक फार लांब होते, मचाणावर फिरवता येत नाही. म्हणून आधी नळी कापून आखूड करून घेतली. सगळं फ्लोरासाठी. नळी कापून आली आणि सायलेन्सर यायला अजून आठवडा होता.

तिथे त्यांनी आयुष्यातली एकमेव घाई केली. मोसमाचा पहिला आठवडा होता, राहवलं नाही. शिवाय जुनी भरलेली वीस काडतुसं पडली होती. त्यातली पावडर लांब नळीसाठी निवडलेली, सावकाश जळणारी. लांब नळीत तिला जळायला पुरेशी वाट मिळते. आखूड नळीत मिळत नाही, अर्धी पावडर तोंडाबाहेर येऊन जळते. हे ते झोपेतही सांगू शकले असते. पण वीस काडतुसं टाकायची कशी, सांगा? संध्याकाळी त्यांनी बार केला. नळीच्या तोंडाशी हातभर जाळ झाला आणि असा दणका बसला की त्यांच्या स्वतःच्या कानात दोन दिवस शिट्टी वाजत होती. फ्लोरा शिडीखालून जी पळाली ती एक किलोमीटरवर गाडीखाली सापडली. त्यानंतर ती जंगलात गेली नाही. खालच्यांनी हिरवं जॅकेट अडकवलं की सोफ्याखाली जायची आणि तिथून त्यांच्याकडे बघायची.

"तिचा माझ्यावर विश्वास होता," एकदा त्यांनी मला सांगितलं. जिन्यात उभे होते, हातात झाडू होता. "दहा वर्षं. आणि मी वीस काडतुसं वाचवली." मी म्हटलं, होईल बरी. ते म्हणाले, "होईल असं म्हणून काही होत नाही."

मग त्यांनी ठरवलं, या आखूड नळीसाठी अशी पावडर शोधायची की जाळ होणार नाही आणि आवाज जेवढा कमी करता येईल तेवढा होईल. सायलेन्सर आला होता, पण त्यांच्या मते सायलेन्सर म्हणजे ठिगळ. मूळ पावडर नळीतच जळून संपली पाहिजे. फ्लोरा अकरा, ते शहात्तर. अजून किती मोसम मिळणार याचा हिशेब दोघांच्याही बाबतीत सारखाच होता. एकदा तरी तिने पुन्हा शिडीखाली बसावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मला हुरूप आला. मी शनिवार-रविवार घालवून, त्यांच्याकडून पावडरींची माहितीपत्रकं घेऊन, नळीची लांबी घालून रीतसर गणित केलं. निकाल रंगीत छापून खाली घेऊन गेले. माझ्या गणितात आखूड नळीतही जुनी, सावकाश जळणारी पावडरच पहिली आली. जाळ होऊ दे, पण गोळीला वेग सगळ्यात जास्त तीच देते. खालच्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला.

"गणित बरोबर आहे," ते म्हणाले. "माझे मित्रही हेच म्हणतात. पण तुम्ही कॉम्प्युटरला प्रश्न कोणता विचारलात?"

"सगळ्यात जास्त वेग कशाने मिळेल."

"वेग कोणाला हवाय? मी हरणाच्या आणखी पन्नास पावलं जवळ जाईन. मला शांतता हवी आहे. हे विचारा त्याला."

मी घरी येऊन बघितलं, तर आमच्या प्रोग्राममध्ये शांततेचा रकानाच नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला त्याची उणीव कधी भासली नव्हती.

त्यांनी आठ पावडरी निवडल्या. प्रत्येकीसाठी पितळी केसेसचा वेगळा संच. कुठल्या केसमध्ये कुठली पावडर, ती कितीदा वापरली, कितीने ताणली, सगळं लिहून. सगळा उन्हाळा ते रविवारी नेमबाजीच्या रेंजवर जात. एकदा मीही गेले. कानावर हेडफोन लावून मागे उभी राहिले. त्यांनी बंदुकीच्या पुढे जमिनीवर बायकोचा जुना पांढरा टेबलक्लॉथ अंथरला. पाच बार करायचे, मग भिंग घेऊन गुडघ्यावर बसायचं आणि त्या कापडावर पडलेले न जळलेले पावडरचे कण मोजायचे. शेजारचा तरुण शिकारी हसून म्हणाला, "आजोबा, पिकनिकला आलात का?" खालच्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "सतरा. गप्प बसा, मोजतोय."

येताना गाडीत मी भीत भीत विचारलं, "समजा पावडर सापडली. पण शांत झालंय हे फ्लोराला कळणार कसं? ते ऐकायला तिने जंगलात तर यायला हवं ना?"

घराशी आल्यावर इंजिन बंद करून ते म्हणाले, "हे मी शेवटी ठेवलं होतं." मला माझ्याच जिभेचा राग आला.

ऑगस्टमध्ये आई आली, तीन महिन्यांच्या व्हिसावर. तिला जर्मन येत नाही, त्यांना मराठी येत नाही, पण त्यामुळे दोघांचं काही अडलं नाही. ती मराठीत सांगायची, ते स्वाबियनमध्ये उत्तर द्यायचे, तेही अस्सल खेड्यातल्या, जे मलाही धड कळायचं नाही. ते तिला 'फ्राउ मामा' म्हणत, म्हणजे 'आईबाई'. चपला बाहेर काढणारा गोरा माणूस बघून आईचं त्यांच्याबद्दल पहिल्याच दिवशी चांगलं मत झालं होतं. "एकटा माणूस, पण किती नीटनेटका आहे," ती म्हणाली, "नाहीतर तू."

सप्टेंबरमधली गोष्ट. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते आणि आईचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"अगं, खालच्यांची पितळेची भांडी घासून दिली मी आज."

"कुठली भांडी?"

"ती गं, कपडे धुवायच्या खोलीत खिडकीत वाळत ठेवली होती. बोटाएवढाली. पार काळी पडलेली. एकटे आहेत, कोण करणार त्यांचं? मग चिंच भिजत घातली आणि काढली घासून. दोन तास लागले. सोन्यासारखी झाली आहेत बघ."

"आई, ती कशात ठेवलेली होती?"

"दह्याच्या काचेच्या बरण्यांमध्ये. आठ होत्या, सगळ्या अर्ध्यामुर्ध्या. मी लोणच्याच्या मोठ्या बरणीत सगळी एकत्र भरली आणि त्यांच्या बरण्याही धुऊन ठेवल्या. उगाच आठ बरण्या कशाला अडवायच्या?"

"त्यांना दाखवलीस?"

"दाखवली ना. इतके खूश झाले, बोलताच येईना. नुसते बघत उभे राहिले."

मी मीटिंग सोडून एस-बान पकडली.

खालचे पिवळ्या पट्टीपलीकडे बसले होते. टेबलावर एकही डबा नव्हता, फक्त आईची लोणच्याची बरणी. आत दीडशे-पावणेदोनशे केसेस लखलखत होत्या. प्रत्येकीच्या बुडाला त्यांनी मार्करने रंगाचा ठिपका दिला होता, आठ संचांना आठ रंग. चिंचेने एकही ठिपका शिल्लक ठेवला नव्हता. आता कुठली कोणाची, कितीदा वापरलेली, किती थकलेली, कोणाला सांगता येणार?

"मोजून वेगळ्या नाही करता येणार?" मी विचारलं.

"अंदाज येईल." त्यांनी एक केस उचलून दिव्याखाली धरली. "जे मला माहीत नाही ते मी भरत नाही."

"म्हणजे सगळा उन्हाळा वाया?"

त्यांनी केस बरणीत परत ठेवली. मग म्हणाले, "फ्राउ मामांना हे सांगू नका. दोन तास घासल्यात त्यांनी." आणि थोडं थांबून, "काय वापरलं हो त्यांनी? एवढी स्वच्छ केस मी जन्मात बघितली नाही. माझं मशीन सहा तास घेतं."

मी वर येऊन आईला काही सांगितलं नाही. पण आई म्हणजे आई. चार दिवसांनी तिने कचऱ्याच्या शेडमध्ये भंगाराच्या खोक्यात आपली चकचकीत भांडी बघितली, प्रत्येकीचं तोंड पकडीने चेपलेलं, म्हणजे कोणी चुकून वापरू नये. वर येऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आता सगळं सांग." मी सांगितलं. कुत्रीचं, नळीचं, वीस काडतुसांचं, आठ पावडरींचं, सगळं. आईने डोळे पुसले. "दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूला न विचारता हात लावला मी. सुनेला कधी लावू दिला नसता, आणि स्वतः लावला. लाज वाटते गं मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली गेली, मला न घेता. हातात तुपाची पोळी होती. खालच्यांनी दार उघडल्यावर तिने हात जोडले, मग फ्लोराच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं, मग रस्त्याकडे. माफी मागायला तिच्याकडे शब्द नव्हते, म्हणून तिने कुत्रीला फिरवायचं काम स्वतःवर घेतलं. ज्या बाईने जन्मात कुत्र्याला शिवलं नव्हतं ती रोज सकाळी शाल पांघरून, स्पोर्ट्स शूज घालून फ्लोराबरोबर निघायला लागली. फ्लोराला तुपाची पोळी म्हणजे काय ते अकराव्या वर्षी कळलं होतं, त्यामुळे ती आईला सोडायला तयार नव्हती. पहिल्या आठवड्यात चर्चपर्यंत. दुसऱ्या आठवड्यात सफरचंदांच्या बागांपर्यंत. तिसऱ्या आठवड्यात आई परत आली आणि सहज म्हणाली, "पुढे जंगलात एक लाकडी मचाण आहे बघ. तिथवर जाऊन आलो आज. शिडी बघून थबकली होती जरा. मी म्हटलं, बसू या गं दोन मिनिटं, माझे गुडघे दुखतायत. मग बसली."

मी ते तसंच्या तसं खाली जाऊन सांगितलं. खालचे खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. "शिडीखाली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शिडीखाली.

त्या दिवशी तळघराच्या दाराला पुन्हा लाल टोपी दिसली. नव्या कोऱ्या वीस केसेस आणल्या होत्या. टोपी निघाल्यावर मी स्टुलावर जाऊन बसले. त्यांनी आठांतली एकच पावडर निवडली होती, टेबलक्लॉथवर सगळ्यात कमी कण टाकणारी. वेगात ती सातवी होती. "अजून दोन वर्षं मी आठांमध्ये घोळत राहिलो असतो," ते म्हणाले. "मला तो घोळच आवडत होता बहुतेक. तुमच्या आईने एका दुपारीत निवडायला लावलं." हे ते तक्रारीने बोलले नाहीत, आणि मी वर जाऊन आईला सांगितलं तेव्हा ती पंधरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

नव्या काडतुसांची रेंजवर चाचणी झाली. आईला परत जायला चार दिवस उरले होते. ऑक्टोबर होता, दुपार कलली होती. खालचे टोपी हातात घेऊन आमच्या दाराशी आले.

"फ्राउ मामांना विचारा, माझ्याबरोबर जंगलात येतील का? त्या गाडीत बसल्या तरच फ्लोरा बसेल."

आई म्हणाली, "येते. पण हरीण मारताना मी बघणार नाही, पाठ करून बसेन. सांग त्यांना."

मी सांगितलं. "गेनाऊ," ते म्हणाले, "फ्लोरानेही बघायचं नाहीये. फक्त ऐकायचंय."

गाडीत पुढे आई, तिच्या मांडीवर फ्लोरा, मागे मी. जंगलात त्यांनी आईसाठी घडीची खुर्ची आणली होती. मचाणाच्या मागे तीसेक पावलांवर ती मांडली, आम्हाला कानाला लावायला हेडफोन दिले. आईने ते गळ्यात अडकवले. "फ्लोराला लावणार आहेत का? मग मलाही नको," ती म्हणाली. खालचे फ्लोराला काही बोलले नाहीत, हातही लावला नाही. सायलेन्सर लावलेली बंदूक घेऊन शिडी चढून वर गेले. फ्लोरा आईच्या पायाशी बसली होती, आणि तिचं सगळं अंग थरथरत होतं. आईचा हात तिच्या पाठीवर होता. "काही नाही गं, काही नाही," ती पुटपुटत होती, कुत्रीला की स्वतःला कोण जाणे.

बराच वेळ गेला. मग आवाज झाला. जड सतरंजी एकदाच झटकावी तसा. माझी नजर नळीच्या तोंडावर होती. जाळ नव्हता, ठिणगीसुद्धा नव्हती. आई दचकली. फ्लोराने कान टवकारले, उठून उभी राहिली, आणि पळाली नाही.

मचाणावर बसलेले खालचे हरीण होतं त्या गवताकडे बघत नव्हते. वळून खाली, फ्लोराकडे बघत होते. नियमाप्रमाणे त्यांनी दहा मिनिटं काढली, बंदूक रिकामी केली आणि उतरले. शिडीपाशीच उभे राहिले. त्यांनी तिला बोलावलं नाही. मला त्यांच्याकडे बघवेना. फ्लोराने मान वळवून आईकडे पाहिलं. आईने पाठीवरचा हात काढून घेतला आणि म्हणाली, "जा बाई, माझं काम झालं."

फ्लोरा सावकाश चालत गेली. बंदुकीचं टोक हुंगलं, शिंकली, मग त्यांचे बूट हुंगले. खालचे तिचा पट्टा हातात घेऊन गवतात गुडघ्यांवर बसले. "मला माफ कर, म्हातारे," ते म्हणाले. हे मला कळलं, कारण पहिल्यांदाच ते स्वच्छ, सावकाश बोलत होते. "माझी चूक झाली. माफ कर." तिने नाक जमिनीला लावलं आणि पट्ट्याला असा हिसका दिला की ते जवळजवळ पालथेच पडले. मग पुढे ती आणि मागे धडपडत ते, दोघं झाडांत दिसेनासे झाले.

आम्ही थांबलो. पंधरा मिनिटं, अर्धा तास. लांबून फ्लोराचं भुंकणं ऐकू आलं, लागोपाठ, मोठ्याने, म्हणजे तिला सापडलं होतं. मग पुन्हा शांत. गार वारा सुटला. गाडीची किल्ली त्यांच्या खिशात.

"विसरले की काय आपल्याला?" मी म्हटलं. "खालचे तर कधीच काही विसरत नाहीत."

"आज विसरले असतील तर विसरू दे," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. ती उठली, खुर्ची मिटून माझ्या हातात दिली आणि शाल आवळून घेतली. "चल. मला वाट माहीत आहे."

गावापर्यंत ती माझ्या पुढे चालली.